फी घेणारी योगशिक्षिका आणि फुकटाचं पावित्र्य

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त वेळ योगावर गेला. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एक शिक्षिका सकाळ-संध्याकाळ वर्ग घेतात. एका तुकडीत बारा जण, महिना बाराशे रुपये, शिवाय सोसायटीला हॉलचं भाडं. ठराव असा आला की वर्ग मोफत घेणार असाल तर हॉल खुशाल वापरा, फी घेणार असाल तर बंद करा. ठरावाच्या बाजूचे म्हणाले, योग ही ऋषिमुनींची देणगी, तिचा बाजार मांडू नये. विरोधातला एक तरुण म्हणाला, मार्केट आहे, परवडेल तो येईल, न परवडेल तो यूट्यूब बघेल. दोघांनाही टाळ्या पडल्या. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या बाईंना कोणी काही विचारलं नाही. त्या सभासद नाहीत, भाडेकरू आहेत.

जूनमधला योगदिन जवळ आला की हाच वाद वर्तमानपत्रांतून, व्याख्यानमालांतून, लग्नाच्या पंगतीतून नव्याने रंगतो, आणि दरवेळी इतकाच वाईट पद्धतीने. मला यातली पहिली बाजू चुकीची वाटते आणि दुसरी आळशी. गल्लीतल्या छोट्या योगवर्गाने फी घ्यावी, उघडपणे घ्यावी, पावती देऊन घ्यावी. योग शिकवण्याचा खर्च कोणी ना कोणी करतंच. तो विद्यार्थ्याने केला तर शिक्षक विद्यार्थ्याला बांधील राहतो; दुसऱ्या कोणी केला तर त्या दुसऱ्याला. वाद घालायचाच तर तो या बांधिलकीवर घाला.

आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नेटकं मांडू. मोफत विद्यादानाच्या बाजूने आपल्याकडे तुकोबांहून मोठा साक्षीदार नाही. जिथे कीर्तन करायचं तिथे जेवायचंही नाही, कपाळाला बुका लावून घ्यायचा नाही, बैलाला वैरणसुद्धा मागायची नाही. आणि कीर्तनाचे पैसे घेणारा व देणारा दोघेही नरकात, असा त्यांचा रोकडा निवाडा आहे. दुसरा पुरावा याहून जवळचा. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विदर्भात वर्षानुवर्षं वस्त्यावस्त्यांतून विनाशुल्क वर्ग चालवले. तिथे शिकलेले पुढे स्वतः शिकवायला उभे राहिले, तेही पैसे न घेता. हे काम खोटं नाही, दिखाऊ नाही आणि लहान तर मुळीच नाही. ज्याला ते जमतं त्याच्यापुढे हात जोडावेत.

पण हात जोडणं वेगळं आणि तोच नियम दुसऱ्यावर लादणं वेगळं. तुकोबांना तसं बोलण्याचा अधिकार होता, कारण त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली होती. ज्यांच्या फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या कपाटात शाबूत आहेत त्यांनी तो अभंग शेजारणीला ऐकवू नये. त्या सभेत मोफत वर्गाचा आग्रह धरणारे बहुतेक जण पेन्शनर होते. निवृत्तीनंतर सकाळी दोन तास विनामूल्य शिकवणाऱ्या माणसाचं घर बँकेच्या, सरकारी खात्याच्या किंवा मुलाच्या पैशावर चालतं. त्याची सेवा खरीच, पण त्या सेवेची किंमत आधीच चुकती झालेली आहे. चाळिशीत नोकरी सुटलेली, घरी दोन मुलं असलेली बाई याच मापाने मोजायची? तसं केलं तर योग शिकवणं हा पेन्शनरांचा आणि श्रीमंत नवऱ्याच्या बायकांचा राखीव प्रांत होईल.

संस्कृत जाणणारे अशा वेळी कालिदासाचा हवाला देतात. ज्याची विद्या केवळ पोटासाठी आहे त्याला ज्ञानाचा सौदा करणारा वाणी म्हणतात, असं त्याच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात आहे खरं. पण ते म्हणतो कोण? गणदास नावाचा नाट्याचार्य, जो स्वतः राजाच्या पगारावर आहे. आणि ते तो कोणाला लावतो? पद मिळालं म्हणून स्वस्थ बसणाऱ्याला, दुसऱ्याने केलेली निंदा मुकाट सोसून वादाच्या परीक्षेला न उतरणाऱ्याला. गणदास पुढे ती परीक्षा देतो, आणि पगारही चालूच ठेवतो. कालिदासाला राग पगाराचा नाही, पगार घेऊन विद्या शिळी होऊ देण्याचा आहे. तो राग मलाही आहे. त्याकडे पुढे येतो.

परंपरेत योग मोफत होता, हे म्हणणंही जरा उलटून पाहिलं पाहिजे. परंपरेत तो सर्वांसाठी होता का? ‘हठप्रदीपिका’ हा हठयोगाचा जुना ग्रंथ पहिल्याच प्रकरणात सांगतो की ही विद्या गुप्त ठेवावी. उघड केली की तिचं सामर्थ्य जातं. आश्रमात जायचं, वर्षानुवर्षं सेवा करायची, गुरूची मर्जी झाली तर शिकायचं. त्या व्यवहारात रुपये नव्हते, पण त्याची किंमत बाराशेहून कितीतरी जड होती. आणि ज्याला घरदार सोडता येत नाही त्याला तो दरवाजा बंदच होता. बायकांची तर गोष्टच सोडा. आज जो योग आपण आपला म्हणतो, सतरंजीवरचा, ऑफिसला जाण्याआधीचा, साडी बदलून पंजाबी ड्रेस घालून येणाऱ्या बाईचा, तो गुहेतून गल्लीत आला तो शंभर वर्षांपूर्वी. आणि आला तो मोठ्या प्रमाणात याच आपल्या पट्ट्यातून.

१९१८ मध्ये श्रीयोगेंद्रांनी वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात योग संस्था सुरू केली. १९२४ मध्ये जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. दोघेही माधवदासजी या योग्याचे शिष्य. कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली, म्हणजे पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रिया, करणारी माणसं क्ष-किरण यंत्रासमोर उभी केली; योगेंद्र संसारात पडले आणि योग प्रापंचिकांसाठी आहे असं सांगत राहिले. गुरूने गुप्त ठेवावी अशी विद्या या दोन शिष्यांनी नाव नोंदवून शिकता येईल अशी केली. यासाठी इमारत लागली, उपकरणं लागली, माणसं लागली. पैसा लागला. तो कधी दात्यांनी दिला, कधी संस्थानांनी, पुढे सरकारनेही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, ते मुलांना फुकट मिळाले. फुकट नव्हते, औंधच्या खजिन्यातून होते. तालमीचंही तसंच. कोल्हापुरात पैलवानाला फी नव्हती, कारण खुराकामागे शाहू महाराजांचा दरबार उभा होता. संस्थानं गेली, दरबार गेले. त्या जागी कोण आलं, हा प्रश्न ‘पूर्वी फुकट होतं’ म्हणणारे विचारत नाहीत.

पुण्याचं उदाहरण तर हाताशी आहे. १९३७ मध्ये अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार डॉ. गोखल्यांच्या बोलावण्यावरून डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. बोली सहा महिन्यांची. मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम, समोर आपल्याहून मोठ्या वयाचे आणि जास्त शिकलेले विद्यार्थी. पुढे ते काम सुटलं तेव्हा सायकलवरून घरोघर शिकवण्या, अर्धपोटी दिवस. स्वतःची संस्था मॉडेल कॉलनीत उभी राहिली ती १९७५ मध्ये. मधली अडतीस वर्षं हा माणूस पैसे घेऊन शिकवत होता. तेव्हाच्या एखाद्या पुणेकराने त्यांना ‘योग विकू नका’ असं बजावलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर ते बहुधा कुठे कारकून झाले असते. पट्टा, खुर्ची, लाकडी ब्रिक, भिंतीला अडकवलेली दोरी यांच्या आधाराने म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला आसनात नेण्याची जी पद्धत जगभर गेली, ती शिकवण्यावर पोट असलेल्या, म्हणून रोज नव्या शरीरासमोर उभं राहावं लागलेल्या शिक्षकाने घडवली.

संगीतात हा झगडा याच्याही आधी होऊन गेला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा घराण्यातलं गाणं कोणालाही नाव घालून शिकण्याची सोय झाली. त्याबरोबर संगीतशिक्षक तयार करणारा उपदेशक वर्गही ठेवला. त्यातल्या मुलांना अनेक वर्षांच्या कराराने राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. ओझं पंडितजींच्या मैफलींवर. पुढे मुंबईच्या वास्तूसाठी काढलेलं कर्ज फिटेना आणि ती सावकारांच्या हाती गेली. फुकट शिकलेल्या त्या मुलांनी पुढे देशभर गाणं नेलं, हेही तितकंच खरं, आणि म्हणून या गोष्टीचं तात्पर्य सरळ काढता येत नाही. एवढं मात्र दिसतं की फुकट शिक्षणाचं बिल आलंच, आणि ते ज्या एका माणसाने भरलं त्याची वास्तू त्यात गेली.

आता आजचे दरबार पाहू. चौकाचौकात ‘भव्य मोफत योग शिबिर’ असे फ्लेक्स लागतात. त्यावर पतंजलींचं चित्र असलंच तर पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि इच्छुक उमेदवाराचं पुरुषभर. मैदानात चारशे माणसं, मंचावर ध्वनिक्षेपक, बाहेर टेबलावर काढे, तेलं आणि पीठ. इथे विकलं जात नाही असं कसं म्हणायचं? विकली जाते ती तुमची उपस्थिती. मोठ्या संस्थांच्या शिबिरांबद्दल तर न्यायालयाचाच निवाडा आहे. पतंजली योगपीठ ट्रस्टचं म्हणणं होतं की शिबिरात घेतलेले पैसे देणगी आहेत. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय कायम केला: ही प्रवेश फी आहे, सेवाकर भरा. वेगवेगळ्या किमतीची तिकिटं होती आणि तिकिटाप्रमाणे सवलती वेगवेगळ्या. देणगीच्या नावाखाली ज्याचे दर लागतात त्याला आपण सेवा म्हणतो, आणि बाराशे रुपयांची पावती फाडणाऱ्या बाईला म्हणतो दुकानदार.

राजपथावर २०१५ च्या पहिल्या योगदिनी ३५,९८५ माणसांनी एकत्र आसनं केली. विक्रम झाला, देशाचं नाव झालं, मला त्याबद्दल तक्रार नाही. उत्सव हा उत्सव असतो. पण त्या ३५,९८५ जणांत कोणाचा मणका सरकला होता, कोणाला काचबिंदू होता, हे कोणाला कळणार होतं?

हॉलमधल्या वर्गात हे कळतं, आणि फरक तिथेच आहे. मी त्या वर्गाच्या बाहेर वर्तमानपत्र वाचत बसतो, आतलं दिसतं. कोपऱ्यात घडी घातलेल्या सतरंज्या, पाठ काढून टाकलेल्या चार लोखंडी खुर्च्या, भिंतीशी उशा. बाई आत आल्या की आधी काही सांगत नाहीत, फिरतात. एकीच्या कानाशी जाऊन विचारतात, आज पाळी आहे का, मग उलटं काही नको, उशीवर सुप्तबद्धकोणासनात पडून राहा. एका काकांच्या गुडघ्याच्या खाचेत नॅपकिनची गुंडाळी सारून मग वीरासनात बसवतात. त्रिकोणासनात एका काकूंचा हात जमिनीकडे धावत होता, तर म्हणाल्या, “काकू, जमिनीला हात लावायचं बक्षीस नाहीये. ब्रिकवर ठेवा आणि कंबर मागे घ्या. हाडांचा रिपोर्ट आणला का?” रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या बाईने पाठ गोल करून पायाच्या अंगठ्याकडे ओढ घेतली तर मणका दबण्याची भीती असते. मैदानातल्या मंचावरून ‘आणखी वाका, आणखी वाका’ असं म्हणणाऱ्याला तो रिपोर्ट दिसणार नाही. त्याला दिसायचा असेल तर चारशेचे बारा करावे लागतील, आणि बारा जणांत शिक्षकाचा महिना भागवायचा तर फी लागेल.

हिशोबही करून टाकू. दोन तुकड्या भरलेल्या असल्या तर महिन्याचे २८,८०० रुपये. त्यातून भाडं, वीज, सतरंज्यांची धुलाई, स्वतःच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च. गणपतीत निम्मे गळतात, दिवाळीत कोणी येत नाही, मे महिन्यात सगळे गावाला. याला धंदा म्हणायचं असेल तर म्हणा, पण नफेखोरी म्हणू नका. त्याच रस्त्यावरच्या जिमला याहून जास्त पैसे देणाऱ्या घरांतून आलेला हा आक्षेप आहे. गणिताच्या क्लासला, भरतनाट्यमला, गाडीच्या सर्व्हिसिंगला संस्कृती आडवी येत नाही. बाईने घराजवळ शिकवलेल्या आसनालाच ती का आठवते? मला वाटतं कारण योगात कमी आणि बाईत जास्त आहे. तिने शिकवणं हे तिच्या स्वभावाचा भाग धरायचं, कामाचा नाही, ही आपली जुनी खोड.

इथपर्यंत मान डोलावणाऱ्या मार्केटवाल्या तरुणाला आता थोडं. परवडेल तो येईल, हे उत्तर नव्हे, हात झटकणं आहे. या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींची कंबर कोणत्याही सभासदाच्या कमरेहून जास्त दुखते, आणि बाराशे रुपये हा त्यांच्या एका घरच्या कामाचा पगार आहे. फी घेणारा वर्ग त्यांना बाहेर ठेवतो, हा फीविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो ऋषिमुनींच्या मुद्द्याहून कितीतरी खरा आहे, आणि सभेत तो कोणी काढला नाही. पण तो मान्य केल्यावर पुढचं पाऊल कोणतं? खाजगी डॉक्टर फी घेतो म्हणून आपण त्याचा दवाखाना बंद करत नाही. सरकारी दवाखाना मागतो. मावशींना योग मिळायला हवा असेल तर महापालिकेच्या उद्यानात, आरोग्य केंद्रात पगारी शिक्षक हवेत, आणि अर्धवेळ तुटपुंज्या मानधनावरचे नकोत. सोसायटीला इतकीच कळकळ असेल तर हॉलच्या भाड्यातली रक्कम सोडून त्याबदली चार जागा राखून ठेवायला सांगावं. गरिबाची काळजी आपण करायची आणि तिचा खर्च बाईंच्या खात्यावर टाकायचा, हे जमणार नाही.

‘वेलनेस’ नावाच्या प्रकरणाबद्दलही बाजारवाले गप्प असतात. योगवर्गाची पाटी बदलून ‘वेलनेस स्टुडिओ’ झाली की आत काय काय शिरतं ते पाहा: धातूच्या वाट्यांचा नाद, डिटॉक्सचा रस, महिनाभरात थायरॉइड बरा, पीसीओडी गायब, आणि दोनशे तासांत शिक्षक होण्याचा कोर्स. दोनशे तास म्हणजे रोज आठ तास धरले तर पंचवीस दिवस. गणदासाचा राग इथे लागू पडतो. आयुष मंत्रालयाची योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे, पण ती ऐच्छिक. कोणी न देताही उद्या पाटी लावू शकतो. कायद्याला तर योगवर्ग नक्की काय आहे हेच ठरवता आलेलं नाही. २०१५ मध्ये आयकर कायद्याने योगाला शिक्षणाच्या आणि गरिबांच्या मदतीच्या शेजारी धर्मादाय कार्याचं आसन दिलं, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला तो जिम, सलून आणि योग केंद्र यांना एकाच ओळीत बसवून. छोटा वर्ग वीस लाखांच्या मर्यादेखालीच असतो, त्याला या कराची झळ नाही. पण ट्रस्टचा योग पुण्य आणि एकटीचा योग केस कापण्याच्या रांगेत, ही वाटणी डोळ्यांत भरते.

मग ढोंगी वर्ग आणि चांगला वर्ग ओळखायचा कसा? फी किती यावरून तर नाहीच. फुकट वर्गातही थायरॉइड बरा करणारे भेटतात, आणि ते जास्त बेधडक असतात, कारण पैसे घेतले नाहीत तर जाब कोण विचारणार? फी देणारा निदान पुढच्या महिन्यात येणं थांबवू शकतो. पण हेही पुरेसं नाही, गोड बोलून बांधून ठेवणारे पुष्कळ असतात. मी कोणालाही एकच प्रश्न विचारायला सांगतो: बाई, तुम्ही आजवर कोणाला वर्गात घ्यायला नाही म्हणालात, आणि का? मैदानी शिबिराकडे या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण डोकी हीच त्याची कमाई आहे. पावडरी विकणाऱ्या स्टुडिओकडेही नसतं. आमच्या हॉलमधल्या बाईंनी गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना दारातच थांबवलं. पाठीतून कळ पायात उतरत होती, पावलाला मुंग्या होत्या. त्या म्हणाल्या, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांनी लिहून दिलं तरच या. महिन्याचे बाराशे त्यांनी तिथेच सोडले. सभेत फी बंद करण्याच्या बाजूने हात वर झाले त्यात या गृहस्थांचाही होता, आणि त्यांची पाठ आता बरी आहे.